दाबलेला प्राणवायू आणि थकलेला स्नायू

इंग्रज ज्याला ऑक्सिजन म्हणतो त्याला आपण प्राणवायू म्हणतो. या दोन नावांत केवढे अंतर आहे पाहा! ऑक्सिजन हे नाव लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ग्रीक शब्दांवरून घडवले. त्याचा अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा' एवढाच; आणि सगळी आम्ले याच वायूपासून होतात ही त्याची समजूतही पुढे खोटी ठरली. आपल्या भाषेने मात्र या वायूला एकदम प्राणाच्या पंक्तीला नेऊन बसवले. ज्याच्या नावातच प्राण आहे ते जितके अधिक मिळेल तितके चांगले, असे माणसाच्या मनाने घेतले तर त्यात नवल ते काय? औषधाचा डोस असतो, मिठाचे प्रमाण असते. पण प्राणाचे कधी कोणाला अजीर्ण झाले आहे?

वाचकहो, हा प्रश्न आज नुसता शब्दांचा राहिलेला नाही. मोठ्या शहरांतून आता अशी केंद्रे निघाली आहेत, की तेथे माणसाला एका बंद पेटीत निजवतात, आत हवेचा दाब वाढवतात आणि त्याला प्राणवायू हुंगवतात. जखमा भराव्यात, भाजलेले बरे व्हावे, म्हातारपण लांबावे, येथपासून ते खेळाडूचे दमलेले पाय दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजेतवाने व्हावेत, येथपर्यंत सगळी आश्वासने त्या पेटीच्या दारावर टांगलेली असतात. आमच्या स्वारगेटला सणस मैदानावर पहाटे धावायला येणाऱ्या मुलांच्या तोंडीही आता या पेटीची भाषा आहे. त्यातले खरे किती आणि भाबडे किती, हे पाहायचे तर तीनशे-साडेतीनशे वर्षे मागे गेले पाहिजे. कारण ही पेटी नवी नाही. ती प्राणवायूच्या शोधापेक्षाही जुनी आहे!

इ. स. १६६२ च्या सुमारास, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या मावळ्यांची घोडी सह्याद्रीत दौडत होती त्या काळात, इंग्लंडात हेन्शॉ नावाच्या गृहस्थाने एक हवाबंद खोली कल्पिली. तिला मोठाले भाते जोडायचे आणि त्यांच्या झडपा फिरवून आतली हवा हवी तशी दाट किंवा विरळ करायची. नव्या, जोरदार दुखण्याला दाट हवा; जुन्या, रेंगाळलेल्या दुखण्याला विरळ हवा; आणि ज्याला काहीच झालेले नाही त्यालाही पचन सुधारण्यासाठी अधूनमधून थोडी दाट हवा, असा त्याचा बेत होता. हवेत आहे तरी काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरी उपचार तयार होता आणि तो निरोग्यालाही लागू होता! ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या इतिहासात ती वारंवार डोके वर काढते.

प्राणवायू हाती आला तो १ ऑगस्ट १७७४ रोजी. प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने मोठ्या भिंगातून सूर्याचे किरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडले आणि त्यातून निघालेला वायू गोळा केला. त्यात मेणबत्ती धरताच तिची ज्योत विलक्षण तेजाने भडकली. पुढे त्याने त्या वायूत उंदीर ठेवून पाहिला. साध्या हवेत जगला असता त्याच्या कितीतरी अधिक वेळ तो जगला. प्रीस्टलीने स्वतःही तो वायू हुंगला आणि त्याला आपली छाती हलकी झाल्यासारखी वाटली. आजारी फुप्फुसांना याचा उपयोग होईल, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवले. पण त्याबरोबर एक सावधगिरीची सूचनाही केली. या वायूत मेणबत्ती जशी लवकर जळून संपते, तसे निरोगी माणसाचे आयुष्यही फार वेगाने जळून जाईल की काय, अशी शंका त्याने बोलून दाखवली. पणतीची वात मोठी केली की उजेड वाढतो, पण तेलही लवकर संपते, हे आपल्या घरातल्या बायकांना दिवाळीत कोणी शिकवावे लागत नाही.

प्राणवायू आणि स्नायू यांची गाठ घालून दिली ती लाव्हाझिएने. १७९० च्या सुमारास त्याने सेगँ नावाच्या आपल्या सहकाऱ्याला खुर्चीवर बसवले, तोंडावर मुखवटा चढवला आणि तो किती प्राणवायू घेतो हे मोजले. मग त्याच्याकडून पायाने पावटी दाबून वजन उचलण्याचे काम करवून पुन्हा मोजले. बसल्या जागी लागे त्याच्या कितीतरी पट प्राणवायू श्रम करताना लागतो, असे दिसून आले. या प्रयोगाचे चित्र लाव्हाझिएच्या पत्नीने स्वतः काढले आहे आणि त्यात एका बाजूला मेजाशी बसून टिपणे घेणारी बाई ती स्वतःच आहे. स्नायूचे काम म्हणजे एक प्रकारचे जळणच, आणि त्या जळणाला प्राणवायू हवा, हे सत्य त्या खोलीत कळले. चारच वर्षांनी, १७९४ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचे मस्तक धडावेगळे करण्यात आले.

यापुढची कथा दवाखान्यातली नाही, मजुरांची आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी सिव्हिल कोर्टापासून स्वारगेटपर्यंतचा भुयारी रेल्वेमार्ग सुरू झाला. त्या गाडीत बसले की मुठा नदी आपल्या डोक्यावरून वाहते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पाण्याखाली खणणे ही मात्र एके काळी जिवाशी गाठ होती. १८४१ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी ट्रिझे नावाच्या इंजिनियराला पाणथळ वाळूखालचा कोळसा काढायचा होता. विहीर खणावी तर पाणी भरे. त्याने लोखंडी नळा खाली उतरवला, वरून तो बंद केला आणि आत पंपाने हवा दाबून भरली. दाबलेल्या हवेने पाणी मागे रेटले आणि तळ कोरडा झाला. मजूर खाली उतरून काम करू लागले. पण काही तासांनी बाहेर आल्यावर त्यांपैकी दोघांचे हातपाय आणि गुडघे विलक्षण दुखू लागले.

पुढे १८५४ साली दोघा फ्रेंच वैद्यांनी अशा मजुरांची तपासणी करून एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. दाबात जाताना काही होत नाही, आत असतानाही होत नाही. किंमत मोजावी लागते ती बाहेर पडताना. आणि दुखणेकऱ्याला पुन्हा दाबात नेले की दुखणे हटते. पण हे शहाणपण कागदावरच राहिले. अमेरिकेत सेंट लुई येथे मिसिसिपी नदीवर पूल बांधताना १८७० च्या सुमारास डझनभराहून अधिक मजूर या विकाराने दगावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायात तर खुद्द मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंगच १८७२ साली सापडला आणि अंथरुणाला खिळला. त्याची पत्नी एमिली हिने गणित आणि पूलशास्त्र शिकून घेतले, नवऱ्याचे निरोप कामावर पोचवले, कंत्राटदारांशी बोलणी केली, आणि १८८३ साली पूल पुरा झाला तेव्हा तो ओलांडण्याचा पहिला मान तिला मिळाला. आपल्याकडे कलकत्त्याचा हावडा पूल १९४३ साली खुला झाला. त्याच्या पायासाठीही मजुरांनी दाबलेल्या हवेत घाम गाळला आहे.

हे दुखणे काय होते? गोटीसोड्याची बाटली आठवा. गोटी जागेवर असेपर्यंत पाणी अगदी शांत दिसते. गोटी आत ढकलली, दाब सुटला, की फसफसून बुडबुडे निघतात. दाबाखाली वायू पाण्यात विरघळतो आणि दाब एकाएकी गेला की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. मजुरांच्या रक्तात तेच होत होते. हवेतला नायट्रोजन दाबाखाली रक्तात आणि मांसात मुरे. मजूर घाईने वर आला की त्याचे बुडबुडे होऊन सांध्यांत, स्नायूंत, मज्जेत अडकत. हे कोडे पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या प्रचंड ग्रंथात उलगडले. मात्र त्याच ग्रंथात त्याने दुसरीही एक गोष्ट सिद्ध केली. दाबलेला शुद्ध प्राणवायू प्राण्याला फार वेळ दिला, तर त्याला झटके येतात आणि तो मरतो. ज्याला आपण प्राण म्हणतो तोच दाबाखाली विष होतो! म्हणजे प्राणालाही प्रमाण आहे. पुढे १९०८ साली हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती थांबत थांबत वर यावे याची कोष्टके छापली आणि पाणबुड्यांचे मरण पुष्कळच टळले.

आपल्या मराठी मुलखात ही विद्या आली ती समुद्राच्या वाटेने. मुंबईला कुलाब्यात भारतीय नौदलाचे रुग्णालय आहे. त्याला देवांच्या वैद्यांचे, अश्विनीकुमारांचे नाव दिले आहे. त्याच आवारात नौदलाची वैद्यकीय संस्था आहे आणि तेथे पाणबुड्यांसाठी दाबाची कोठी आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. तळाशी काम करणाऱ्या जवानाला वर येताना बुडबुड्यांनी गाठले तर त्याला त्या कोठीत नेतात, पुन्हा दाबाखाली धरतात, प्राणवायू देतात आणि मग सावकाश, घड्याळ लावून, मोकळ्या हवेत आणतात. येथे उपचाराचे कारण आणि परिणाम यांत कसलाही धूसरपणा नाही. दाबाने बुडबुडा आकसतो आणि प्राणवायू नायट्रोजनला बाहेर काढतो.

पण माणसाचे मन एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकेत कॅन्सस शहरी कनिंगहॅम नावाचा डॉक्टर होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, त्याने दाबलेल्या हवेच्या टाकीत ठेवलेला एक मरणोन्मुख रोगी वाचला. झाले! त्याने मोठ्या टाक्या बांधल्या आणि मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्या दुखण्यांना त्या खुल्या केल्या. टिमकेन नावाच्या लोखंडी बेअरिंगांच्या श्रीमंत कारखानदाराला गुण आला असे वाटले, म्हणून त्याने पैसा पुरवला आणि १९२८ साली क्लीव्हलंडला सुमारे ६४ फूट व्यासाचा पोलादी गोळा उभा राहिला. त्यात मजले होते, शयनगृहे होती, जेवणघर होते. रोग्यांनी राहायचे ते सगळे दाबलेल्या हवेत. अमेरिकेतील वैद्यसंघाने एकच प्रश्न विचारला: गुण येतो याचा पुरावा काय? पुरावा कधी आला नाही. काही वर्षांत तो गोळा ओस पडला आणि दुसऱ्या महायुद्धात भंगार म्हणून तोडण्यात आला. डॉक्टर लबाडच होता असे म्हणण्याचे कारण नाही. एक रोगी वाचलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता, आणि तेवढ्यावरच त्याने पोलादाचा डोंगर रचला.

या बुडालेल्या विद्येला शास्त्राचा पाया दिला तो हॉलंडातील अ‍ॅमस्टरडॅमच्या बुरेमा या शस्त्रवैद्याने. त्याचे गणित साधे आहे. आपल्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू असतो आणि तो जवळजवळ सगळा तांबड्या पेशींवर स्वार झालेला असतो. निरोगी माणसाच्या पेशींवरच्या या जागा साध्या हवेतच शेकडा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भरलेल्या असतात. तेव्हा अधिक प्राणवायू हुंगून त्यांच्यावर फारसा बसतच नाही. स्वारगेटच्या स्टँडवर गाडी खचाखच भरल्यावर कंडक्टर आणखी किती माणसे घेणार? पण रक्तातल्या पाण्यात मात्र तो विरघळू शकतो. साध्या हवेत तेथे १०० मिलिलिटरमागे अवघा ०.३ मिलिलिटर असतो. तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला तर तो ६ मिलिलिटरच्या आसपास जातो. स्वस्थ पडलेल्या शरीराची गरज साधारण तेवढीच! बुरेमाने डुकरांच्या अंगातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून घेतल्या, त्यांच्या जागी रक्तद्रवासारखे पाणी भरले आणि दाबाच्या कोठीत ती डुकरे जगवून दाखवली. १९६० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा वैद्यकजगत थक्क झाले.

पुढच्याच वर्षी, १९६१ साली, त्याच शहरातून दुसरी वार्ता आली. चिघळलेल्या जखमेत एक जंतू असा शिरतो, की त्याला प्राणवायू सोसत नाही. तो स्नायू कुजवतो आणि मांसात वायू भरतो. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत या विकाराने असंख्य सैनिकांचे हातपाय आणि प्राण घेतले. दाबलेल्या प्राणवायूने या जंतूचे विष पसरणे थांबते, असे तेथील डॉक्टरांना आढळले. शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांच्या जोडीला हा उपचार आजही देतात. तसेच चिरडलेल्या हातापायाचे. अपघातात मांडी किंवा पोटरी चेंगरली की आतला स्नायू सुजतो. पण त्याभोवतीचे पडद्याचे वेष्टन ताणत नाही. आतल्या आत दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू उपाशी मरू लागतो. अशा वेळी पहिले काम शस्त्रवैद्याचे. वेष्टन कापून दाब मोकळा केलाच पाहिजे. पण त्या जोडीला पेटीतला प्राणवायू उपयोगी पडतो. १९९६ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशा ३६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना खरा उपचार दिला, निम्म्यांना नुसता देखावा. खरा उपचार मिळालेल्या १८ पैकी १७ जणांच्या जखमा पूर्ण भरल्या. दुसऱ्या १८ पैकी १० जणांच्या. हातपाय राहणार की जाणार, असा प्रसंग असताना हा फरक लहान नव्हे. बंद न्हाणीघरात गॅसच्या बंबाचा विषारी धूर कोंडून माणूस बेशुद्ध पडतो, त्यालाही निवडक प्रसंगी ही पेटी तारते.

म्हणजे उपाशी स्नायूला ही पेटी अन्न पोचवते. मग थकलेल्या स्नायूचे काय? थकवा म्हणजेही प्राणवायूची भूकच नव्हे काय?

या प्रश्नाचा अभ्यास केला हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने. स्नायूतील उष्णतेच्या शोधाबद्दल त्याला १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४३-४४ साली तो हिंदुस्थानात येऊन गेला आणि देशासाठी एक मोठे अखिल भारतीय वैद्यकीय केंद्र असावे, अशी शिफारस त्याने केली. त्याने प्राणवायूचे कर्ज ही कल्पना मांडली. जिवाच्या आकांताने धावताना स्नायू जमेपेक्षा अधिक खर्च करतो, आणि शर्यत संपल्यावर धापा टाकून ते कर्ज फेडतो. आजच्या शास्त्राने या हिशेबात पुष्कळ दुरुस्त्या केल्या आहेत, पण मुख्य गोष्ट कायम आहे: ही धाप काही मिनिटांत ओसरते, आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू मैदानावरच्या मोकळ्या हवेत भरपूर असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, ते दुखणे निराळे. ते कर्जाचे नव्हे. नव्या श्रमाने स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा झालेली असते, शरीर तेथे डागडुजी करत असते, आणि त्या डागडुजीतूनच स्नायू अधिक बळकट होतो. आपल्या तालमींतल्या वस्तादांना तंतूंची नावे ठाऊक नव्हती. पण जोर-बैठका, खुराक, मालीश आणि झोप यांचा मेळ त्यांनी बरोबर घातला होता.

थकलेल्या स्नायूला खरोखर काय हवे असते, याचा दाखला आपल्याच मातीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा जाण्यायेण्याला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल खाशाबांनी हरवले. मग जपानच्या इशीशी त्यांची कुस्ती बराच वेळ रंगली आणि ती थोडक्यात हातची गेली. तिच्यानंतर त्यांना लगेच रशियाच्या मल्लापुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण तो बजावून सांगायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. दमलेले खाशाबा हरले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, घेऊन ते परतले. पण मराठी माणसाच्या मनात त्या अर्ध्या तासाची रुखरुख अजून आहे. त्या क्षणी त्यांना पेटी नको होती, यंत्र नको होते. हवा होता तो नियमाने त्यांचाच असलेला अर्धा तास.

१९९० च्या दशकात पश्चिमेकडील धंदेवाईक खेळाडू दाबाच्या पेट्यांत शिरू लागले आणि शास्त्रज्ञांनी चाचण्या सुरू केल्या. फाटलेल्या स्नायूबाबत काही आशा दिसली. १९९८ साली सशांच्या ताणून दुखावलेल्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगात उपचार घेतलेला स्नायू लवकर सुधारला. पण ससा म्हणजे खेळाडू नव्हे. २००५ साली कोक्रेन या नामांकित संस्थेने माणसांवरच्या नऊ लहान चाचण्या एकत्र तपासल्या. मुरगळलेल्या घोट्याला किंवा गुडघ्याला, आणि व्यायामाने भरून आलेल्या स्नायूला, या उपचाराने लाभ होतो असे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट भरून आलेल्या स्नायूंचे दुखणे मधल्या दिवसांत थोडे वाढल्याचीच चिन्हे होती. पुढेही लहान लहान प्रयोग होत राहिले. काहींत फायदा दिसला, काहींत नाही.

मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका धावपटू मुलाचे वडील मला भेटायला आले. "सर, पोराची निवड-चाचणी तोंडावर आली आहे. पाय फार दुखतात म्हणतो. कोणी दहा वेळा पेटीत बसवायला सांगितले आहे. त्याच्या आईच्या पाटल्या आहेत, मोडाव्या का?" मी त्यांना म्हटले, "पाटल्या राहू द्या. आधी पोराला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तो रोज किती धावतो आणि किती झोपतो, तेवढे मला सांगा." मुलगा दोन ठिकाणी दोन प्रशिक्षकांकडे धावत होता आणि पाच तास झोपत होता. डॉक्टरांनी तपासून विश्रांती सांगितली. निवड त्या वर्षी झाली नाही. पण पाटल्या घरात राहिल्या आणि मुलगा अजून धावतो आहे.

त्या गृहस्थांना दाखवलेली पेटी कापडी होती, हेही सांगितले पाहिजे. फुगवायच्या अशा पिशव्या मूळच्या गिर्यारोहकांच्या. हिमालयात हवा विरळ झाल्याने कोणी अत्यवस्थ झाला तर त्याला पिशवीत घालून हवा भरतात. जणू काही तो हजार-दीड हजार मीटर खाली उतरला, असे त्याच्या शरीराला वाटते. तेथे ती प्राण वाचवते. पण मैदानी मुलखात, साधी हवा भरून, १.३ वातावरणांच्या दाबात निजल्याने रक्तातल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू ०.३ वरून अर्ध्या मिलिलिटरपर्यंतसुद्धा पोचत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. स्वारगेटहून एस. टी. त बसून घाट उतरून मुंबईला गेले तर अंगावरचा हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी आपोआप वाढतो. त्याने मुंबईला कोणाचे पाय दुखायचे थांबल्याचे ऐकिवात नाही!

आणि धोका? प्रीस्टलीची भडकलेली ज्योत विसरून चालणार नाही. प्राणवायूत ठिणगीचा वणवा होतो. १९९७ साली इटलीत मिलान शहरी दाबाच्या कोठीला आग लागून ११ माणसे जळाली. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगन राज्यात पाच वर्षांचा एक मुलगा अशाच पेटीत आग लागून गेला. ज्या तक्रारींसाठी त्याला आत ठेवले होते त्यांवर हा उपचार मान्यताप्राप्तही नव्हता. खऱ्या रुग्णालयात सुती कपडे घालायला लावतात, मोबाईल बाहेर काढून घेतात, कान आणि फुप्फुसे तपासतात, डॉक्टर जवळ असतो. जेथे हे काहीच विचारत नाहीत, तेथून उठून यावे.

२०२१ च्या उन्हाळ्यात प्राणवायूच्या एका नळकांड्यासाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे राहिलेले आपण पाहिले. नाशिकला २१ एप्रिलला रुग्णालयातली टाकी गळली आणि पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. ज्याला प्राणवायूची भूक लागलेली असते, त्याला तो वेळेवर मिळण्यावाचून दुसरे औषध नसते. बुडबुड्यांनी गाठलेला पाणबुडा, चिरडलेला पाय, कुजणारा स्नायू हे सारे त्या भुकेल्यांपैकीच. दमूनभागून घरी आलेले निरोगी लेकरू त्यांच्यातले नव्हे. त्याच्या फुप्फुसात हवा आहे, रक्तात जागा भरलेल्या आहेत. या दिवाळीत ते उशिरापर्यंत झोपले, फराळाच्या ताटावर तुटून पडले आणि दोन दिवस मैदानाकडे फिरकले नाही, तर त्याला रागावू नये. त्याचा अर्धा तास त्याला मिळू द्यावा.